परिषद मुंबईत आहे? मग फोर्ट पायी बघाच!

नरिमन पॉइंट किंवा चर्चगेट परिसरात परिषदेला येताय? मग सत्रांच्या आधी आणि नंतर मिळणारा वेळ हॉटेलच्या खोलीत घालवू नका. जागतिक वारसा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

🌅 सकाळी: ओव्हल मैदान. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. मधे क्रिकेट! २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही शैलींच्या इमारतींना मिळून जागतिक वारसा दर्जा दिला. विद्यापीठाच्याच आवारातला, १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला. नाव त्यांच्या आईचं.

☕ जेवणाच्या सुट्टीत: हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आणि शेजारी १८६४चं फ्लोरा फाउंटन. मग एखाद्या इराण्याकडे बनमस्का आणि चहा.

🌃 सत्रं संपल्यावर: सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत रात्रीच्या रोषणाईत बघा. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं मात्र दिवसाउजेडीच नीट दिसतात.

⛴️ एक दिवस जादा असेल तर: गेटवे ऑफ इंडियावरून बोटीने घारापुरीची लेणी. सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात बोटी चालू आहेत ना, हे आधी विचारून घ्या.

पायात चालायचे बूट हवेत, गळ्यातलं ओळखपत्र बॅगेत टाका आणि एखाद्या सहकाऱ्यालाही सोबत न्या. परिषदेला येणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत ही पोस्ट नक्की पोहोचवा!