मुलांचे प्रश्न व विचारशिक्षण

तत्त्वज्ञान हा महाविद्यालयाचा विषय, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि ‘सर्वांना सारखे देणे म्हणजेच न्याय काय?’ हा प्रश्न खाऊ वाटताना चौथीच्या वर्गातही निघतो. अशा प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेणे म्हणजे विचारशिक्षण नव्हे. आपल्या म्हणण्यास कारण आहे काय, हे तपासण्याची सवय लावणे म्हणजे विचारशिक्षण होय.

या दिशेने पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत मॅथ्यू लिपमन (१९२३–२०१०) यांनी केला. कोलंबिया विद्यापीठात शिकविताना विद्यार्थ्यांची तर्कशक्ती कच्ची असल्याचे व ती सुधारण्यास फार उशीर झाल्याचे त्यांस जाणवले. म्हणून त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक कथा लिहिली. १९७४ मध्ये न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे या कार्यासाठी संस्थाही निघाली.

कथेतील हॅरीचे वर्गात लक्ष नसते. लांब शेपटीची, सत्त्याहत्तर वर्षांत सूर्याभोवती एक फेरी घालणारी वस्तू कोणती, असे त्यास विचारले जाते. सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढे त्यास आठवते व तो ‘ग्रह’ असे सांगतो. उत्तर धूमकेतू असते. मुले हसतात, हॅरी मात्र आपण का चुकलो, याचा शोध घेतो. ‘सर्व गाई चतुष्पाद आहेत’ हे खरे. पण ‘सर्व चतुष्पाद गाई आहेत’ हे खरे नव्हे. उलट, ‘एकही गाय पक्षी नाही’ हे वाक्य फिरवले तरी खरेच राहते. असा नियम मुलांनी स्वतः शोधावा, हे या पद्धतीचे मर्म आहे.

वर्गात मुले गोलाकार बसून उतारा आळीपाळीने वाचतात. त्यांचे प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह फळ्यावर लिहिले जातात व एक निवडून चर्चा होते. शिक्षक आपले मत आरंभी सांगत नाहीत. ‘असे का वाटते?’, ‘उदाहरण कोणते?’, ‘हे नेहमीच खरे असते काय?’ एवढेच ते विचारतात. मात्र पाढ्यासारख्या निश्चित गोष्टींवर मतमतांतरे होऊ देऊ नयेत. तेथे बरोबर उत्तर सरळ सांगावे.

या पद्धतीकडून भलतीच अपेक्षाही नसावी. इंग्लंडमधील ४८ शाळांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाचन व गणितात सुमारे दोन महिन्यांची अधिक प्रगती आढळली. २०२१ च्या मोठ्या पाहणीत वाचनात असा लाभ दिसला नाही. गुणवाढ हा तिचा मुख्य हेतू नव्हेच.

खेड्यातील शाळेस यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास, भाषेच्या पुस्तकातील एक धडा व फळा पुरेसा आहे. चुकलेल्या मुलास हसून गप्प बसविले, तर ते पुन्हा हात वर करीत नाही. ‘तुला असे का वाटले?’ असे शिक्षकाने आस्थेने विचारले, तर ते आपली चूक आपणच शोधू लागते.