धुराचा हिशेब

विरार लोकलच्या दारात चोरून बिडी ओढणाऱ्या गृहस्थास 'रोज किती?' असे विचारले असता तो जो आकडा सांगतो, तो दप्तरी नोंदताना निम्म्याने वाढवावा असे वाटले, तरी वैद्यकाची पहिली मोजपट्टी त्याच जबानीवर उभी आहे: रोज २० सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक 'पॅक-वर्ष', म्हणजे रोज १० याप्रमाणे ३० वर्षांत १५. बिडीत तंबाखू थोडी, झुरके मात्र अधिक; तिला हे परिमाण नीट बसत नाही.

दुसरी साक्ष देहाची. निकोटिनापासून यकृतात बनणारे कोटिनीन रक्तात, लाळेत व मूत्रात सापडते. त्याचे रक्तातील प्रमाण सुमारे १६ ते २० तासांत निम्मे होत असल्याने ते गेल्या दोन-चार दिवसांचाच, परंतु शेजाऱ्याच्या धुराचाही, हिशेब देते. तंबाखू मळणाराही त्यात पकडला जातो, हा मात्र घोटाळाच.

१९९१ मध्ये मतदारयाद्यांच्या आधारे सुरू झालेल्या मुंबईच्या पाहणीत, ३५ वर्षे व त्यावरील पुरुषांमध्ये, तंबाखूस न शिवणाऱ्यांच्या तुलनेने मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळला. रोजची संख्या वाढली, तसा तोही वाढला.