लेखांक ९ : आधी पाणी, मग तांब्या

आज खळीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण माजलगावच्या एका वाचकाची शंका आधी मिटवायला हवी. उष्णतेशिवाय चुण्या मोडत असतील, तर तांब्यात निखारे घालून सदऱ्यावर फिरवायची जुनी रीत कशासाठी होती? शंका बिनतोड वाटते; पण तांब्या फिरवण्याआधी कापडावर पाणी शिंपडलं जायचं, ते तीत राहून गेलं. इस्त्रीवाले आजही तेच करतात. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरलेल्या. कापड चुरगळलेलं असतानाच वाळलं, की हे बंध वाकड्या जागीच जुळतात. पाणी आत शिरून ते सोडवतं. कोरडं सूत इतकं सैल करायचं तर २०० अंशांच्या पुढे तापवावं लागेल, आणि तोवर कापड करपायला लागेल. ओलं सूत मात्र नुसत्या हातानेही वळतं. म्हणजे निखाऱ्यांकडे काम उरतं ते सरळ केलेलं कापड झटपट वाळवण्याचं. पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी. ते पाणी जवळजवळ पीतच नाही आणि साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडतं. टेरिकॉटच्या शर्टावर कढत पाण्याचा तांब्या फिरवणाऱ्यांचं म्हणूनच काही चुकत नाही.

पाणीच जर चुण्या काढतं, तर धुतलेले कपडे दोरीवरून चुरगळलेले का उतरतात, असंही कोणी म्हणेल. दोष पिळण्याचा आणि आपल्या उन्हाचा. बीडच्या कोरड्या मे महिन्यात पिळलेला शर्ट पीळ सुटायच्या आतच वाळून जातो. तो न पिळता, निथळता, सावलीत टांगावा. पाण्याचं वजनच त्याला खाली ओढतं. कॉलर, बटणपट्टी आणि शिवणी तेवढ्या ओल्या असताना चिमटीत धरून ताणाव्यात, कारण तिथे कापड दुहेरी असतं आणि वजनाला दाद देत नाही. सुती लुगड्याला दोघी लागतात : समोरासमोर टोकं धरून ताणायचं, झटकायचं, काठ ओढून घ्यायचे, मगच दोरीवर.

राहिला पाण्याचा आक्षेप. टँकरच्या गावात कपड्यांवर पाणी उधळायला सांगता? धुतलेल्या कपड्याला वेगळं पाणी लागतच नाही, आणि वाळलेल्याला ओंजळभर पुरतं. उलट इस्त्रीचं पाणी दिसत नाही, एवढंच. २०१३च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. तिथे कोळशाइतकंच पाणीही लागतं, हे जिल्ह्याला तेव्हा नीट कळलं. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना घालून दिलेली पाण्याची मर्यादा मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर आहे, म्हणजे युनिटमागे साडेतीन लिटर. हजार वॉटची इस्त्री तासभर सलग तापली, की एक युनिट झालं.