‘न्यू जर्सी’वरचा मुक्काम

दिवसा तिकीट काढून पाहिलेलं जहाज आणि ज्याच्या पोटात रात्र काढली ते जहाज, यांत फार फरक असतो. माझं आयुष्य माझगाव गोदीत बॉयलरच्या कामावर गेलं. ‘निलगिरी’च्या मागोमाग तिथे बांधलेल्या लिअँडर जातीच्या फ्रिगेटींवर मी हात काळे केले आहेत. पण नौका बांधून झाली की ती खलाशांची; रात्रीचा मुक्काम आमच्या वाट्याला कुठून येणार? तो आला लेकीकडे अमेरिकेत, नातवाच्या मराठी शाळेने कॅम्डेनची सहल काढली तेव्हा.

कॅम्डेनला डेलावेअर नदीत ‘न्यू जर्सी’ ही प्रचंड युद्धनौका उभी आहे. समोरच्या काठावर फिलाडेल्फिया, आणि तिथल्याच नौदल गोदीत ती बांधली गेली. पाण्यात उतरली ७ डिसेंबर १९४२ रोजी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, लेबनॉन एवढं सगळं पाहून १९९१ मध्ये निवृत्त झाली आणि २००१ पासून संग्रहालय आहे. लांबी ८८७ फूट, रुंदी १०८. पनामा कालव्याचे जुने लॉक ११० फूट रुंद, त्यातून पार व्हायचं म्हणून हे माप.

शाळा, स्काउट, कुटुंबांचे गट असे इथे रात्री राहायला येतात. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. जेवण खलाशांच्या मेसमध्ये, हातात ट्रे घेऊन रांगेत. आणि झोपायचं खलाशांच्याच बंकांवर. एकावर एक तीन बंक, दोन रांगांमध्ये जेमतेम एक माणूस सरकेल एवढी वाट. बंकावर उठून बसायची सोय नाही. कुशीवर वळून पाय आधी बाहेर काढायचे. मला सगळ्यात खालचा बंक मिळाला. महायुद्धात या नौकेवर अडीच हजारांच्या आसपास माणसं राहत होती. हा आकडा मी पूर्वी वाचला होता, पण वरच्या बंकातलं पोर कूस बदलताना माझ्या नाकापासून हातभर अंतरावरची गादी दबली, तेव्हा तो खरा कळला.

मला सांगायची आहे ती तोफांचा हिशेब करणारी खोली. डेकवरच्या नऊ तोफा सगळे बघतात, फोटो काढतात. सोळा इंची तोंड, १२२५ किलोपर्यंतचा गोळा, त्यामागे रेशमी पिशव्यांतली ३०० किलो दारू, आणि मारा ३८ किलोमीटर. म्हणजे व्हीटीहून ठाण्याच्याही पलीकडे. पण एवढ्या लांब, चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर नेम धरायचा कसा? ते गणित खाली, चिलखताच्या आत, लोखंडी टेबलाएवढ्या एका यंत्रात होतं. त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा मागमूस नाही. दांडे, दात्यांची चाकं आणि कॅम फिरतात. आपला वेग आणि दिशा, शत्रूचा वेग आणि दिशा, वारा, दारूचं तापमान, नळीची झीज, पृथ्वीचं फिरणंसुद्धा त्यात धरलेलं. शेजारी गायरो. जहाज डोलत असतं, म्हणून डेक ठरलेल्या पातळीवर येतो नेमक्या त्याच क्षणी बार उडावा, हे तो सांभाळतो. तोफ डागायच्या पितळी मुठी तिथेच. १९८२ मध्ये नौका पुन्हा सेवेत आली, तिच्यावर टोमाहॉक क्षेपणास्त्रं चढली, पण या तोफांचा हिशेब याच दात्यांच्या चाकांकडे राहिला. ज्यांनी ती चाकं कातली, त्या कारागिरांना मी तिथे मनोमन नमस्कार केला.

बॉयलर आठ, आणि त्यांचं नाव बॅबकॉक अँड विल्कॉक्स. आमच्या फ्रिगेटींवरही हेच नाव होतं, फक्त तिथे बॉयलर दोन. मुलांना मी वाफेच्या ड्रमपासून टर्बाइनपर्यंतचा रस्ता मराठीतून समजावला. चारही टर्बाइन मिळून दोन लाख बारा हजार अश्वशक्ती.

अशी नौका नुसती बांधून ठेवली तर पाणी तिला खातं. २०२४ च्या मार्चमध्ये ‘न्यू जर्सी’ तीस वर्षांहून अधिक काळाने सुक्या गोदीत गेली, तीही जिथे जन्मली त्याच फिलाडेल्फियाच्या गोदीत. तळ घासला, रंगवला, समुद्राचं पाणी आत घेणारी तोंडं तपासली, गंज स्वतःवर ओढून घेणारे धातूचे ठोकळे नवे बसवले, आणि जूनमध्ये ती कॅम्डेनला परतली. खर्च सुमारे १ कोटी डॉलर. राज्य सरकारने हात दिला, लोकांनी देणग्या दिल्या. आणि वर्षभर तिकिटं काढणारी, रात्री मुक्कामाला येणारी पोरंसोरं तिच्या रोजच्या खर्चाला हातभार लावतातच. माझ्या मते मुक्कामाचं मोल याहून मोठं आहे. तिच्यावर झोपलेलं पोर उद्या तिच्यासाठी भांडेल.

नातवाने सकाळी नाश्त्याला विचारलं, “आजोबा, आपल्या विक्रांतवर असं झोपायला मिळेल?” १९७१ मध्ये जिच्यावरून सी हॉक विमानं चितगाव, कॉक्स बझारवर गेली, ती पहिली ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली. नंतरची विमानवाहू ‘विराट’ही भंगारात गेली, अलंगला. मला याचं फार वाईट वाटतं, आणि मी ते त्याच्यापासून लपवलं नाही. मग त्याला विशाखापट्टणमच्या ‘कुरसुरा’बद्दल सांगितलं. आख्खी पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवली आहे, आत शिरून टोकापासून टोकापर्यंत चालत जाता येतं. यंदा सुट्टीत तो भारतात आला की आम्ही दोघं आधी तिकडे जाणार आहोत.