सुगम्यतेची विद्या : काही रूढ गैरसमज

सुगम्यता आणि सार्वत्रिक अभिकल्प, ज्याला विद्यार्थी युनिव्हर्सल डिझाइन म्हणूनच ओळखतात, या विषयाची रवानगी समाजकार्य किंवा विशेष शिक्षण विभागाकडे करून मोकळे होण्याची प्रवृत्ती आपल्या महाविद्यालयांत अद्याप बळकट आहे. वस्तुतः दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४७व्या कलमात डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षक यांच्या बरोबरीने अभियंते व वास्तुविशारद यांच्याही शिक्षणात दिव्यांगत्वाचा अंतर्भाव करण्याची स्पष्ट तरतूद आहे. आणि सार्वत्रिक अभिकल्प ही संज्ञा ज्याने रूढ केली तो अमेरिकेतील रोनाल्ड मेस स्वतः पेशाने वास्तुविशारदच होता. बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या मेसला, नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात वास्तुकला शिकत असताना, वर्गात पोहोचण्यासाठी जिन्यावरून उचलून न्यावे लागे. त्याच विद्यापीठात पुढे त्याने या विषयाचे केंद्र उभारले, आणि तेथूनच १९९७ साली सार्वत्रिक अभिकल्पाची सात तत्त्वे जगापुढे आली.

पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार ओतला की इमारत सुगम झाली, हा समज तर सर्वांत व्यापक, आणि माझ्या मते सर्वांत घातकही. उतार १:१२ हून तीव्र नसावा, असे मानक सांगते. म्हणजे जोते दीड फूट उंच असेल तर रॅम्प किमान अठरा फूट लांब हवा. जागेच्या अभावी तोच सहा फुटांत उरकला, तर प्रमाण १:४ होते, आणि अशा उतारावर खुर्ची स्वबळावर चढवणे जवळजवळ अशक्य, तर उतरणे जिवावरचे ठरते. शिवाय वर पोहोचल्यावर दार उघडण्यापुरती सपाट जागा हवी, दोन्ही बाजूंस कठडे हवेत, दाराची मोकळी रुंदी सुमारे ९०० मिलिमीटर हवी, आणि स्वच्छतागृहात खुर्ची पूर्ण वळवण्यास सुमारे दीड मीटर व्यासाचे वर्तुळ रिकामे हवे. या बाबी पहिल्याच नकाशात धरल्या तर त्यांचा खर्च एकंदर बांधकामात सामावून जातो. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून त्यांची तजवीज करावयाची म्हटले म्हणजे मात्र तो डोळ्यांत भरतो, आणि सुगम्यता महाग असते ही कल्पना रुजते ती या विलंबातून.

हा विषय विटा-सिमेंटापुरताच आहे, असे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाटते. मराठीच्या संदर्भात हे विशेष दुःखाचे आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित केलेला मराठी दस्तऐवज पडद्यावर देवनागरी दिसतो खरा, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची अर्थहीन रांग असते, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तीच त्याला ऐकवतो. छायाचित्र म्हणून स्कॅन केलेले पान तर त्याच्या दृष्टीने मुकेच असते. अशा संग्रहांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे आमच्या विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगे, आणि अत्यंत निकडीचे, काम आहे.

सुगम्यतेचे नियम ऐच्छिक शिफारशींच्या स्वरूपाचे आहेत, असेही पुष्कळदा सांगण्यात येते. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणारा २०१७च्या नियमावलीतील १५वा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. या निर्णयास हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अध्ययन केंद्राच्या अहवालाचा आधार होता.

शेवटचा गैरसमज सद्हेतूतून जन्मलेला आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून विद्यार्थ्यांना तासभर आवारात फिरवले की अंधत्व कळले, असे मानले जाते. पण त्यातून कळते ती दृष्टी नुकतीच गेलेल्याची धांदल, पांढऱ्या काठीच्या टोकाने जमिनीचा पोत आणि पावलांच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखणाऱ्याचे वर्षानुवर्षांचे कसब नव्हे. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यापासून दिव्यांग व्यक्तींचे मत घ्यावे, परीक्षक मंडळात त्यांना गुण देण्याचा अधिकार असावा, दृष्टिहीन परीक्षकासाठी नकाशे उठावाच्या रेषांत सादर व्हावेत, आणि या कामाचे रीतसर मानधन विभागाच्या अंदाजपत्रकात आरंभीच धरलेले असावे.