फौजदारी खटल्याचे स्थळ आणि न्यायालयीन पुनर्विलोकन : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातील आहुपे गावी एखादा गंभीर गुन्हा घडला, तर त्याचा खटला कोठे चालावा, हा प्रश्न वरवर पाहता कचेरीच्या सोयीचा वाटतो. परंतु साक्षीदारास राजगुरुनगरास जावयाचे, पुण्यास जावयाचे की मुंबईस, यावर त्याची मजुरी, त्याचे धैर्य आणि पुष्कळदा साक्ष होणे न होणे हेच अवलंबून असते. म्हणून हे स्थळ कोण ठरवितो व त्याचा निर्णय कोण तपासतो, याचा विचार अगत्याचा आहे.

सर्वसाधारण नियम असा की, ज्या न्यायालयाच्या स्थानिक अधिकारक्षेत्रात गुन्हा घडला तेथेच खटला चालावा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम १७७ व्या कलमात होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो १९७ व्या कलमात आहे. या नियमानुसार लहान गुन्ह्यांचे खटले जुन्नर व घोडेगाव येथील दंडाधिकाऱ्यांपुढे आणि सत्र खटले राजगुरुनगर येथील अतिरिक्त सत्र न्यायालयापुढे चालत आले आहेत. सरकारी अभियोक्त्यास स्थळ निवडण्याचा स्वतंत्र अधिकार कायद्याने दिलेला नाही.

तथापि शासन व अभियोग पक्ष यांचा प्रभाव तीन मार्गांनी पडू शकतो. दोषारोपपत्रात विशेष कायद्याचे कलम घातले की खटला त्या कायद्याखालील विशेष न्यायालयाकडे जातो. हा पहिला मार्ग. दुसरा, संहितेच्या २०५ व्या कलमान्वये राज्य शासन एका जिल्ह्यातील खटले दुसऱ्या सत्र विभागात चालविण्याचा आदेश देऊ शकते. मात्र तो आदेश उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्वीच्या आदेशाशी विसंगत असता कामा नये. तिसरा मार्ग आठव्या कलमातील आहे. साक्षीदारांच्या सोयीसाठी सत्र न्यायालय नेहमीचे ठिकाण सोडून अन्यत्र बसू शकते, परंतु त्यास अभियोग पक्ष व आरोपी या दोघांची संमती लागते. म्हणजे न्यायालय साक्षीदाराच्या गावाजवळ नेण्याची वाट कायद्यात आहे. पण दोहोंपैकी एकाच्या नकारानेही ती बंद होते.

अशा निर्णयांची तपासणी न्यायालये कोणत्या कसोट्यांवर करतात? पहिली कसोटी समानतेची. मुंबई राज्याच्या १९४७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने कोणता खटला विशेष न्यायाधीशाकडे द्यावा हे ठरविण्याचा अधिकार शासनास दिला होता. १९५२ साली लछमनदास केवलराम आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, खटले एकेक निवडून असे सोपविण्याचा हा अधिकार राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरविला. दुसरी कसोटी अधिकाराची. अंतुले प्रकरणात विशेष न्यायाधीशापुढील खटले खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच १९८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपविले होते. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. कायद्याने नेमून दिलेले न्यायपीठ न्यायालयासही बदलता येत नाही, हा त्यातील बोध होय.

पुणे येथे नोंदविलेल्या एल्गार परिषद खटल्यात या प्रश्नाचे गांभीर्य प्रत्ययास आले. २४ जानेवारी २०२० रोजी केंद्र शासनाने तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे दिला आणि फेब्रुवारीत पुण्याच्या न्यायालयाने प्रकरण मुंबईच्या विशेष न्यायालयाकडे पाठविले. तपास यंत्रणा बदलताच खटल्याचे स्थळही बदलले. पुढे १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पुण्यातील ज्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी दोषारोपपत्रासाठी मुदत वाढवून दिली, त्यांना तो अधिकार नव्हता. आणि त्या आधारे एका आरोपीस जामीन मंजूर केला. कोणत्या न्यायपीठापुढे, या प्रश्नाच्या उत्तरावर मनुष्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

तिसरी कसोटी निःपक्षपाती न्यायाची. एकाच सत्र विभागातील बदलासाठी प्रथम सत्र न्यायाधीशाकडे ४४८ व्या कलमाखाली, तर त्याबाहेरील बदलासाठी उच्च न्यायालयाकडे ४४७ व्या कलमाखाली अर्ज करावा लागतो. साक्षीदारांची सर्वसाधारण सोय हेही ४४७ व्या कलमातील एक कारण आहे. तथापि १९७९ साली मेनका गांधी यांनी मुंबईतील खटला दिल्लीस नेण्याची मागणी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. निर्भय व निःपक्ष न्यायाची हमी हीच मुख्य गोष्ट असून केवळ एका पक्षाची गैरसोय पुरेशी नव्हे, असे मत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मांडले.

हा दंडक साधनसंपन्न पक्षकारास योग्यच आहे. परंतु आदिवासी पाड्यावरील साक्षीदाराच्या बाबतीत गैरसोय व न्यायनाश यांमधील सीमारेषा पुसट होते. जुन्नरहून पुणे सुमारे नव्वद किलोमीटर. डोंगरातील वाडीवरून ते अंतर आणखी वाढते. तारीख पुढे ढकलली गेली की तीच फेरी पुन्हा करावी लागते. खर्च व भीती यांपुढे साक्षच बुडणार असेल, तर अंतर हा सोयीचा नव्हे, तर निःपक्ष न्यायाचाच प्रश्न ठरतो. म्हणून खटला दूर नेताना, किंवा आठव्या कलमाखालील संमती नाकारताना, शासनाने व अभियोग पक्षाने आपली कारणे लेखी नोंदवावीत, हे इष्ट होय. कारणे नोंदलेली असतील तरच न्यायालयास ती तपासता येतील.