रस्त्याच्या पोटात काय असतं?

आज रस्त्याविषयी बोलू. आमच्या भिलाईच्या मधोमध जो रस्ता जातो त्याला इथे सगळे जी. ई. रोड म्हणतात, म्हणजे इंग्रजांच्या काळातला ग्रेट ईस्टर्न रोड. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग ५३. पूर्वी तो ६ क्रमांकाचा होता. गुजरातेत हजिऱ्याला सुरू होतो आणि धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, मग दुर्ग-भिलाई-रायपूर असं करत ओडिशात पारादीपला समुद्राला टेकतो. खानदेश-विदर्भातल्या बऱ्याच जणांचं घर याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास असेल.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात दोन गोष्टी आपल्या आहेत. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाडीसाठी केलेले रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले. १९२७ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते ही केवळ प्रांतांची आणि लोकल बोर्डांची जबाबदारी नाही, देशाची आहे, असं या समितीने सांगितलं. पेट्रोलवर जादा कर लावून रस्ते निधी उभा राहिला तो तिच्याच शिफारशीने, १९२९ साली. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ता किती जाड, किती रुंद, उतार किती, हे आजही तिच्या पुस्तिकांवरूनच ठरतं. दुसरी गोष्ट नागपूरची. १९४३ साली देशभरचे चीफ इंजिनिअर नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही जी पाच नावं आपण पाटीवर वाचतो, ती त्या नागपूर योजनेतली.

आता पोटात शिरू. मी फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो. नव्या जवानांना रस्ता शिकवताना मी पहिला तास फक्त मातीवर घेत असे. पोरं कंटाळायची. पण वरचं डांबर किंवा काँक्रीट म्हणजे टोपी. वजन शेवटी मातीच उचलते.

छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावं देतो : कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. कन्हार म्हणजे आपली काळी कसदार जमीन. भाटा म्हणजे लालसर, मुरमाड, जिथे धड गवतही उगवत नाही ती. शेतीत कन्हार राजा, पण रस्तेवाल्याला विचाराल तर क्रम बरोबर उलटा. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भेगेत पाय जाईल अशी काळी जमीन विदर्भात सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर बसवलेला रस्ता दरवर्षी वर-खाली होतो.

हे मोजायला एक चाचणी आहे, सीबीआर. साच्यात ठोकून बसवलेली माती चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, मग ५० मिलिमीटर जाडीचा लोखंडी दांडा तिच्यात दाबायचा. तो अडीच मिलिमीटर आत जायला किती जोर लागतो ते पाहायचं. उत्तम गिट्टीत (पुण्याकडे जिला खडी म्हणतात ती) त्यासाठी १,३७० किलो लागतात. ते शंभर टक्के धरतात. मातीचा सीबीआर ३ टक्के निघाला, तर तिला चाळीसेक किलोच पुरले असा अर्थ. भिजलेली काळी माती बहुधा याच पंगतीत बसते. मग ती उकरून मुरूम भरा, नाहीतर चुना मिसळून तिचा स्वभाव बदला. वरचा अर्धा मीटर थर रोलरने नीट दाबायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

या मातीवर जे बांधतो त्याचे मुख्य प्रकार दोन.

पहिला लवचिक, म्हणजे डांबरी. भरलेल्या ट्रकचं चाक रस्त्यावर चौरस सेंटिमीटरला साधारण आठ किलो दाब देतं. गिट्टीचा दगड तो खालच्या दोन-तीन दगडांना देतो, ते आणखी खालच्यांना. वजन असं पसरत पसरत मातीपर्यंत पोचतं तेव्हा दाब चौरस सेंटिमीटरला एका किलोच्याही खाली आलेला असतो, किंवा यायला हवा. म्हणून थर : खाली मुरूम-गिट्टीचा, पाणी झिरपून बाहेर जाऊ देणारा, त्यावर ओलसर करून दाबलेली गिट्टी, त्यावर डांबराचे दोन थर, खालचा जाड आणि वरचा गुळगुळीत. माती जितकी दुबळी तितके थर जाड. या रस्त्याचा गुण असा की खालची जमीन थोडी दबली तर तोही दबतो, पण तुटत नाही. गरम माल टाकला, रोलर फिरला, की त्याच दिवशी वाहतूक सुरू. जून २०२२ मध्ये याच ५३ क्रमांकाच्या महामार्गावर अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तो डांबरामुळेच शक्य होता.

जाता जाता, 'डांबर' या शब्दाची गंमत. खरं डांबर दगडी कोळशातून निघतं. आमच्या पोलाद कारखान्याच्या कोक भट्ट्यांतही ते निघतं. रस्त्यावर जे टाकतात ते बिटुमेन, तेल शुद्धीकरणातला तळाचा गाळ. दोन्ही काळे, दोन्ही चिकट, म्हणून मराठीने दोघांना एकच नाव देऊन टाकलं.

दुसरा प्रकार ताठर, म्हणजे काँक्रीटचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या जातीचे. इथे काँक्रीटची लादी पाटासारखी काम करते. पाटाच्या एका कोपऱ्यावर बसा, भार सगळ्या पाटाखाली जातो. महामार्गावर ही लादी साधारण २८ ते ३० सेंटिमीटर जाड, खाली १५ सेंटिमीटर कोरडं काँक्रीट आणि मध्ये प्लास्टिकचा कागद, लादीला तापल्या-थंडावल्यावर सरकता यावं म्हणून. साधारण दर साडेचार मीटरवर आडवा काप देतात. काँक्रीट आक्रसताना तडकणारच, मग निदान आपण सांगू तिथे तडको. त्या सांध्यात गुळगुळीत गोल सळया असतात. भिलाईत सळई दिसली की लोक खूश होतात, 'पक्का आरसीसी आहे' म्हणतात. पण त्या लादीला मजबुती देत नाहीत. चाक एका लादीवरून दुसरीवर जाताना भार पलीकडे पोचवणं, एवढंच त्यांचं काम. म्हणून त्यांचं एक टोक मुद्दाम मोकळं ठेवतात.

काँक्रीट आधी महाग, पण हिशेब तीस वर्षांचा. डांबरी महामार्गाचा पंधरा-वीस वर्षांचा, तोही मध्ये मध्ये नवा थर देऊन. मात्र काँक्रीट बिघडलं तर डागडुजी सोपी नाही, आणि ताकद यायला त्याला अठ्ठावीस दिवस पाणी आणि धीर लागतो.

मग डांबरी रस्त्याला खड्डे का पडतात? पाणी. बारीक भेगेतून पाणी गिट्टीत उतरतं, ट्रकचं चाक वरून दाबतं, पाणी जोराने बाहेर फेकलं जातं आणि सोबत बारीक माती घेऊन येतं. पोकळी होते, वरचा पापुद्रा बसतो. लडाखमध्ये तेच पाणी रस्त्याखाली गोठून फुगतं आणि रस्ता उचलतं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवा. १९७०च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केला, डांबरीच, आणि नंतर कित्येक दशकं खड्ड्याविना टिकला. पाणी बाहेर काढलं आणि थर प्रामाणिक घातले की डांबरही टिकतं.

दुसरा शत्रू जादा भार. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० या काळात ट्रक रात्रंदिवस फिरवून एक नियम निघाला : नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, नुकसान सोळापट. २०१८ साली आपल्याकडे चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढलं आठवा हिस्सा, नुकसान सुमारे १.६ पट. आणि हे कायद्याने चालणाऱ्या ट्रकचं झालं. गिट्टी-वाळूचे डंपर कसे भरतात ते तुम्ही जाणताच.

शेवटी घरासमोरचा रस्ता, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो : 'साहेब, गल्लीत काँक्रीट करून घेऊ का?' माझं उत्तर, आधी तीन गोष्टी लिहून मागा. एक, जुना थर खरवडून काढूनच नवा घालायचा. नाहीतर दरवेळी रस्ता चार-सहा इंच वर येतो, घराचं जोतं खाली जातं आणि पावसाळ्यात नाली तुमच्या अंगणातून वाहते. भिलाईत अशी घरं मी दाखवू शकतो. दोन, पाण्याची आणि सांडपाण्याची पाइपलाइन आधी बदलायची. काँक्रीट झाल्यावर तीन महिन्यांत ते फोडायला आलेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. तीन, दोन्ही बाजूंना उतार. सात मीटर रुंद रस्त्याला अडीच टक्के उतार म्हणजे मध्यभाग कडेपेक्षा साडेआठ-नऊ सेंटिमीटर उंच. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. कडेपासून कडेपर्यंत दोरी समतल ताणा, दोरी मध्यभागी टेकवा आणि कडेला पट्टी लावा. एवढं मिळत असेल तर काँक्रीट घ्या. मिळत नसेल तर चांगलं डांबर परवडलं, निदान उकरायला सोपं.

पेव्हर ब्लॉकबद्दलही विचारतात. फुटपाथ, पार्किंग, बाजारपेठ, इथे उत्तम. काढून पुन्हा बसवता येतात. ट्रकच्या वाटेवर नकोत.

पुढच्या भागात वळणं आणि घाट घेऊ. वळणावर रस्ता एका बाजूला कलता का करतात, तिथून सुरुवात.